बाराच्या आतला डबा

त्या सहलीतली जागा माझी नव्हती. ती माझ्या थोरल्या मेहुणीची होती.

मेहुणी आणि माझी पत्नी या दोघी बहिणींनी मिळून बेत केला होता. थायलंडच्या उत्तरेकडचे चियांग माई हे जुने शहर, तिथले विहार, भोवतालचे डोंगर आणि कार्तिकी पौर्णिमेला नदीत दिवे सोडण्याचा सण. नाशिकच्या एका सहल संस्थेकडे दोघींची नावे नोंदवली गेली. उन्हाळ्यात मेहुणी वारली. नाव बदलून दुसऱ्या कोणाला नेता येईल, असे संस्थेने कळवले. घरात दुसरे कोणी म्हणजे मी.

मला प्रवासाची आवड नाही. ओझरला विमानांच्या कारखान्यात मी आयुष्यभर तपासनीस होतो. सुटा भाग मोजायचा. मापात असेल तर शिक्का, नसेल तर परत. त्या कामाने दोन सवयी लावल्या. वेळ पाळायची आणि आपली तुकडी सोडायची नाही. दुसरी सवय या प्रवासात नडली.

आमच्या वसाहतीतल्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत भंतेजींना भोजनदान होते. मेहुणीचे बेसनाचे लाडू त्यात ठरलेले असत. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून ती साडेदहालाच डबा घेऊन विहाराच्या पायरीवर बसलेली असायची. तिच्या लाडवांची वसाहतीत ख्याती होती. मला मधुमेह आहे. मी कधी खाल्ला नाही. "भाऊजी, चाखून तरी बघा," असे ती दर वेळी म्हणे. मी दर वेळी नको म्हणे.

निघण्याच्या आदल्या दिवशी पत्नीने बहिणीच्या हाताच्या अंदाजाने एकवीस लाडू वळले आणि बहिणीच्याच स्टीलच्या डब्यात भरले.

"आक्काच्या नावाने हे तिथल्या भंतेजींच्या पात्रात पडले पाहिजेत," ती म्हणाली. "माझ्या हाताने. बाकी मला काही दाखवले नाही तरी चालेल."

मागणी एवढीच होती. पुरी करणे अवघड नव्हते.

पहिल्या दिवशी डोंगरावरचा विहार होता. साडेआठला निघायचे ठरले होते. आम्ही दोघे सव्वाआठला बसमध्ये होतो. बाकीचे हॉटेलच्या मागच्या बाजूच्या भोजनगृहात पोह्यांची वाट पाहत होते, कारण संस्थेने आपला आचारी बरोबर आणला होता आणि त्याला परक्या शेगडीचा अंदाज येत नव्हता. मी उतरून आत गेलो आणि घड्याळ दाखवले. वणीकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे बघून हसले.

"साहेब, घड्याळ बघून पोट भरतं का? बसा. पोहे लय भारी झालेत."

"बाराच्या आत पोहोचायचे आहे."

सहलीचा व्यवस्थापक तिशीतला होता. बशी हातात घेऊन तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. मंदिर काय पळून जातं?"

"मंदिर नाही. वेळ जाते."

"काका म्हणजे एकदम कडक," तो इतरांना म्हणाला. ते हसले.

पोह्यांनंतर छत्र्यांचा कारखाना आला. कागदी छत्र्यांवर फुले रंगवून देतात. तिथे एक तास गेला. मग वळणांचा घाट, सप्तशृंगगडाच्या घाटासारखा, फक्त झाडी दाट. वर जाणाऱ्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी नागाच्या अंगाचे कठडे आहेत. पत्नी गुडघ्यावर हात ठेवत त्या चढली. डबा तिने मला धरू दिला नाही. वर सोन्याने मढवलेला स्तूप होता, इतका चकचकीत की नीट बघवत नव्हते. बुद्धमूर्तीपुढे बसून लोक बांबूच्या नळीतल्या काड्या खुळखुळवत होते. जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्याप्रमाणे भविष्य लिहिलेला कागद मिळतो. ज्याने नशिबाचा बाजार नाकारला, त्याच्याच समोर नशीब खुळखुळत होते.

पत्नीने एका भिक्खूंपुढे डब्याचे झाकण उघडले. त्यांनी हात जोडले, मान हलवली आणि वर सूर्याकडे बोट दाखवले. साडेबारा झाले होते. तिने झाकण लावले.

दुसऱ्या दिवशी रानातला विहार. सागाची उंच झाडे, जमिनीखाली विटांचे बोगदे आणि त्यांत ध्यानाची जागा. मला पटण्यासारखे ठिकाण ते एकच होते आणि आम्ही तिथे दोन वाजता पोहोचलो. त्याआधी ऑर्किडची बाग, मग धबधबा. धबधबा चांगला होता असे सगळे सांगतात. मी घड्याळ बघत होतो, त्यामुळे मला त्याविषयी सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी पत्नीने विचारले, "उद्या आपण दोघेच रिक्षा करून जाऊ या का? दहाला पोहोचू."

"गटाबरोबर आलो आहोत," मी म्हणालो. "गटाबरोबरच राहायचे. परक्या देशात चुकलो तर कोणाला विचारणार?"

नकार माझा होता. हे मी इथे नोंदवतो, कारण व्यवस्थापकाला दोष देणे सोपे आहे.

तिसऱ्या दिवशी मी सकाळीच व्यवस्थापकाला सांगितले, आज मध्ये कुठेही बस थांबणार नाही. तो म्हणाला, "ओके काका, आज तुमचं राज्य." आणि खरोखर, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही जुन्या शहरातल्या मोठ्या स्तूपापाशी उतरलो. विटांचा प्रचंड स्तूप; शिखर केव्हाचे पडलेले, खालच्या चौथऱ्यावर विटांचे हत्ती, काहींच्या सोंडा गेलेल्या. भोजनशाळा समोर दिसत होती. आत पाने मांडलेली होती.

"एक मिनिट," व्यवस्थापक म्हणाला. "आधी ग्रुप फोटो. सगळे असतील तरच."

डोकी मोजली. एकवीस. एक कमी. वणीचे बागायतदार नारळपाणी प्यायला गेले होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले. भोजनशाळा पन्नास पावलांवर होती. तिने निघावे असे मी म्हटले असते तर कोणी अडवले नसते. मी म्हटले, "येतीलच ते." आणि रांगेत उभा राहिलो.

ते आले, स्ट्रॉ तोंडात धरून. फोटो झाला. एकाने डोळे मिटले म्हणून दुसरा झाला. आम्ही भोजनशाळेत गेलो तेव्हा ताटे विसळण्याचा आवाज येत होता.

त्याच संध्याकाळी सण होता. बसने नदीकडे निघालो. लाडवांच्या तुपाला वास येऊ लागला होता. दुसऱ्या दिवशी परतायचे होते. मी पत्नीला म्हणालो, "वाटून टाक. परत नेऊन काय करणार?"

तिने थोडा वेळ डबा मांडीवर तसाच ठेवला. मग उठून एकेका बाकापाशी गेली. एकवीस लाडू, बावीस माणसे. तिने स्वतः घेतला नाही.

"काय लाडू झालाय, वहिनी," बागायतदार म्हणाले. "तीन दिवस लपवून ठेवला होता व्हय?"

ती हसली. तसे हसताना मी तिला क्वचित पाहिले आहे आणि पुन्हा पाहण्याची इच्छा नाही. माझ्या वाट्याचा लाडू मी कागदी रुमालात गुंडाळून जाकिटाच्या खिशात टाकला.

नदीवर दिवे होतेच. केळीच्या खुंटाच्या चकत्यांवर फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून लोक पाण्यात सोडत होते. आकाशात कागदी कंदील चढत होते. गोदावरीत सोडलेले द्रोणातले दिवे मी लहानपणापासून पाहिले आहेत. हे त्याहून संख्येने जास्त आणि गर्दी अधिक शिस्तीची, एवढाच फरक. बाकीच्या गटाने दिवे सोडले.

"तू नाही सोडणार?" मी विचारले.

"मला पाण्यात काही सोडायचे नव्हते," ती म्हणाली.

निघण्याच्या दिवशी सकाळी सहाला सामान खाली आणायचे होते; त्या दिवशी बस पुढच्या दाराशी लागणार होती. बॅगा नीट चढवतात की नाही ते बघायला मी हॉटेलच्या पुढच्या दाराशी उभा राहिलो. आतापर्यंत सकाळी आम्ही कधी पुढे आलो नव्हतो. न्याहारी मागे आणि बसही मागच्या अंगणातून निघे. समोरच्या फुटपाथवर हॉटेलात झाडलोट करणारी बाई गुडघ्यांवर बसली होती. तिच्यापुढे तीन भिक्खू, अनवाणी, हातात पात्र. तिने पात्रात भाताच्या पुरचुंड्या ठेवल्या. ते पुटपुटत काही म्हणाले आणि पुढे निघाले.

मी काउंटरवरच्या मुलीला विचारले, "हे रोज येतात?"

"रोज, सर. सहा वाजता. याच रस्त्याने."

आमच्याकडे भंतेजींना निमंत्रण जाते, किंवा डबा घेऊन आपण विहारात जातो. म्हणून आम्ही विहार शोधत राहिलो. पात्र घेऊन दारोदार फिरणारे भिक्खू मी पुस्तकात वाचले होते. पुस्तकात वाचलेले कोणी सकाळी उठून रस्त्यावर शोधत नाही. तीन सकाळी ते आमच्याच खिडकीखालून गेले होते. उजेड येतो म्हणून मी पडदे ओढून घेतले होते.

लिफ्ट येईना. मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलो.

"खाली चल. भंते आले आहेत. दारात."

ती लगेच उठली. खाली आली तेव्हा तिच्या हातात तोच डबा होता, घासून पुसलेला. तो रिकामा आहे हे तिला दाराशी आल्यावर आठवले असावे. भिक्खू कोपऱ्यावर पोहोचले होते; आम्ही घाईने तिथवर गेलो. तिथे एक बाई दानासाठीच भाताची तयार पाकिटे विकत बसली होती.

"एक पाकीट घेऊ या," मी म्हणालो.

"नको. विकतचे द्यायला मी आले नव्हते."

मला तेव्हा खिसा आठवला. रुमाल उघडला. लाडवाचे दोन तुकडे झाले होते.

"हा कसा राहिला?"

"मला चालत नाही, तुला माहीत आहे."

तिने चप्पल काढली, दोन्ही तुकडे तळहातावर घेतले आणि दाबून पुन्हा लाडू वळला. शेवटचे भिक्खू म्हातारे होते. ते थांबले. तिने तो त्यांच्या पात्रात ठेवला. तिघांनी पाली गाथा म्हटली. शब्द ओळखीचे होते, चाल निराळी. मी बूट काढून उभा होतो.

मागून व्यवस्थापकाचा आवाज आला. "काका, चला, बस लागली. विमान चुकेल."

"थांबवा बस," मी म्हणालो.

बागायतदार बसच्या खिडकीतून बघत होते.

विमानात पत्नीने रिकामा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "आक्काला तुमचा फार राग यायचा. एकदाही तिचा लाडू खाल्ला नाहीत म्हणून."

"माहीत आहे."

नाशिकला आल्यावर तिने डबा फळीवर नेहमीच्या जागी ठेवला. झाले ते पुरले, असे ती म्हणते. मला तसे म्हणता येत नाही. एकविसांपैकी एक. कारखान्यात असा माल मी परत पाठवला असता.