सुन्याची गोळी कडू लागत नाही

गड्यांनो, आज लय जळलो.

माझ्या आयला दमा आहे. गोळी इतकी कडू, की गुळात घालून दिली तरी थुंकायची. म्हणून मी रोज इथून, कोइमतूरच्या सोनं गाळायच्या दुकानातून, फोनवर विनवण्या करून ती घ्यायला लावायचो.

आमच्या पलूसचा सुन्या साताऱ्यात औषध कंपनीत आहे. जिभेवर विरघळणारी, कडू न लागणारी दम्याची गोळी त्यांनीच काढली. डॉक्टरांनी आता आयला तीच लिहून दिली.

आज व्हिडिओ कॉल लावला, तर सुन्या माझ्याच खाटेवर बसून धपाटी हाणतोय!

आय म्हणाली, "पाणीबी लागलं न्हाई रं! कसलं गुणाचं लेकरू!"

"अगं, तुझं लेकरू मी हाय!"

"व्हय रं. आता गोळीपायी रोज फोन करायची कटकट न्हाई तुला."

घरापासून लांब राहणाऱ्यांनो, सांगा. उद्या कोणतं कारण काढून फोन लावू?