प्रकल्पातले आजोबा

नातीच्या शाळेला हल्ली 'सर्जनशील लेखन' नावाचं खूळ लागलंय. नात तिसरीत आहे. गोष्ट लिहायची मराठीत, पण तिच्यात एक गणित पाहिजे, चिमूटभर विज्ञान पाहिजे, परिसर अभ्यास पाहिजे आणि शेवटी मूल्य. एकाच आमटीत गूळही घाला, मासळीही घाला, आणि वर म्हणा, पोरानं आपल्या मनानं केलीय! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तर या वेळचा विषय आला, 'माझ्या आजोबांचं बालपण'.

आजोबा घरातच होते. मीच तो. मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य घालवलेला, तोंडानं फटकळ माणूस.

पोरगी आधी माझ्याकडंच आली. मांडीला मांडी लावून बसली आणि म्हणाली, "आज्जा, खरं खरं सांग हं." मग मी सांगितलं. खानापूरकडच्या आमच्या गावात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा बैलाचं दावं माझ्या हातात दिलं. बैल नुसता फुरफुरला, तसा मी दावं टाकून फणसावर चढलो. बैल शिरला शेजाऱ्याच्या रताळ्याच्या रानात. आप्पा झाडाखाली येऊन ओरडले, "उतर रं खाली! शेती काय तुला जमायची न्हाय, शाळा तरी शिक!"

पोरगी हसून हसून लोळली. सगळं तिनं स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं. 'एका वेलाला पाच रताळी, तर बैलानं किती खाल्ली?' हे गणितही तिचंच. चित्रही काढलं, फणसावर मी आणि खाली दात काढणारा बैल. मला तो कागद लई आवडला. माझ्याबद्दल एवढं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. बाईंचा शेरा: 'आजोबा घाबरून पळाले, यातून मुलांनी काय घ्यायचं? प्रदर्शनात लावण्यासारखं करून आणा.' आता या बाईंना काय बोलायचं, कपाळ!

सूनबाईंनी मोबाईलला विचारलं. त्यानं चुटकीसरशी नवा आजोबा काढून दिला. डोक्याला पटका, पांढऱ्या मिशा, वडाखाली बसून पोरांना उपदेश करतोय. हा गृहस्थ म्हणे पहाटे उठून बैलांना न्हाऊ घालायचा, झाडं लावायचा आणि जन्मात कधी खोटं बोलला नाही. वा रे वा! मी म्हणालो, "अगं, मी हितं जिवंत बसलोय की!" सून म्हणाली, "मामा, मार्कांचा प्रश्न आहे. तुम्ही मध्ये पडू नका." पोरगी एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघत राहिली. मग नव्या आजोबाला तिनं सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं.

प्रदर्शनाला मलाही पटका बांधायला लावला. आधी न्हाय म्हटलं, पण पोरीचा चेहरा बघून बांधून घेतला. तिथं बघतो तर रांगेनं सगळे आजोबा, कुणी वकील, कुणी बँकेतला कॅशियर, आणि प्रत्येकाच्या मागच्या तक्त्यावर तोच वड आणि तेच बैल! त्यातल्या निम्म्यांनी बैलाचं शेपूटही धरलं नसेल. प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे माझ्यापुढं थांबले. "काय आजोबा, बैलांशी दोस्ती होती म्हणे?" खरं उत्तर अगदी माझ्या ओठावर आलेलं. पोरीनं माझा हात घट्ट दाबला आणि घडाघडा म्हणाली, "हो सर, माझे आजोबा कुणालाच घाबरत नव्हते."

पहिला नंबर आला. सूनबाईंनी फोटो काढले.

परवा पुढचा विषय आला, 'माझी आजी'. आमची ही सोप्यात शेंगा फोडत बसली होती. विषय ऐकल्यावर तिनं सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि सांगायच्या तयारीनं नातीकडं वळून बसली. पोरगी तिच्या पुढ्यातनं सरळ स्वयंपाकघरात गेली.

"आई," ती म्हणाली, "मोबाईलवर एक चांगली आजी शोध की."