तेलवाले अंकल

दारात आले की चपला काढायच्या आधी ते चौकटीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हितनंच शिरतो." शिरणारा म्हणजे सैतान. मग शर्टाच्या खिशातून छोटी बाटली निघायची, चौकटीला तेलाचं बोट लागायचं आणि आमच्या दोन खोल्यांभोवती येशूच्या रक्ताचं कुंपण घातलं जायचं. बाटलीत एकेकाळी कुणीतरी यरुशलेमहून आणलेलं जैतुनाचं तेल होतं म्हणे. मी पाहिलं ते साधं खोबरेल. नाताळाच्या सुमारास ते गोठायचं. मग अंकल बाटली बगलेत धरून प्रार्थना सुरू करायचे आणि तेल पातळ होईपर्यंत ती लांबवायचे.

समोर आम्ही त्यांना अंकल म्हणायचो, मागे तेलवाले. जन्मभर रेल्वेत लोकांची तिकिटं तपासली, निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ लोकांची घरं तपासायला लागला. आमची सोलापुरातली ख्रिस्ती मंडळी लहान, सगळी एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. तुमच्याही मंडळीत असा एखादा असेल. त्याला वाटतं देवाने पहाऱ्याला एकट्या त्यालाच ठेवलंय.

आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी त्यांनी किराणावाल्याने दिलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर टराटरा फाडलं. त्यावर काकूंनी गॅसची टाकी लावल्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. "सैतान गेला असंल बाबा, पण टाकी कवा संपायची ते आता कुणाला इचारू?" असं काकू पुढे महिनाभर येईल त्याला सांगत होत्या. चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या शब्बाथ शाळेत ते मुलांना डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून आत्मिक कवच चढवायला शिकवायचे. मुलं गणिताच्या पेपराआधी कवच चढवायची आणि नापास व्हायची. अंकल म्हणायचे, कवच नीट चढवलं नसेल.

इथवर ठीक होतं, हसण्यावारी नेता येत होतं.

आमच्या घरात भिंतीवर एक एकतारी होती. आजोबांची. ती घेऊन आजोबा नातेपुत्यापासून वळसंगपर्यंत गावोगाव ख्रिस्ताचं कीर्तन करत हिंडले. हरवलेल्या मेंढराचं आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं होतं. कागदावर त्यातलं अक्षरही नव्हतं. ते वडिलांनी ऐकून उचललं होतं, आणि शाळामास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ते माझ्या मुलीला शिकवायला लागले होते. ती तेव्हा दहा वर्षांची. तिला दमा होता, त्यामुळे दोन ओळी झाल्या की वडील थांबायचे, नुसती तार छेडत राहायचे आणि तिचा श्वास बसला की पुढची ओळ घ्यायचे.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत अंकलांनी घरशुद्धी काढली. ज्याच्या घरात जे अशुद्ध सापडेल ते शनिवारी चर्चच्या मागच्या अंगणात आणून जाळायचं. चर्चचे पाळक नवे होते, त्यांनी अडवलं नाही. अंकल आमच्याकडे आले आणि त्यांची नजर थेट भिंतीवर गेली. असलं वाद्य देवळातल्या भजनी मंडळाचं, ते घरात कशाला, असं त्यांनी विचारलं. वडिलांनी सांगितलं की यावर आमच्या घरी येशूशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव कधी घेतलेलं नाही.

आतल्या खोलीत मुलगी खोकत होती.

"पोरीचा दमा हितनंच हाय, मास्तर," अंकल म्हणाले.

मी औषधाच्या दुकानात काम करतो. दमा कशाने होतो, कशाने वाढतो, हे मला ठाऊक आहे. मी दारात गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. मंडळीत वाईटपणा नको, एवढंच डोक्यात होतं. वडिलांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने एकतारी खाली काढली. शनिवारी ती जळाली. भोपळा फटकन फुटला तेव्हा लोकांनी हालेलुया म्हटलं.

दमा होता तिथेच राहिला. वडिलांनी पुन्हा शिकवायला घेतलं, पण तारेवर बोट नसलं की त्यांना पुढची ओळच आठवेना. वर्षभरात ते गेले. मुलीकडे सुरुवातीची चार कडवी राहिली. पुढे मेंढरू सापडतं, ते आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं.

दोन वर्षांनी मंडळीच्या वर्धापनदिनाला जुनं कीर्तन ठेवायचं ठरलं, आणि आमच्याकडे वही मागायला कोण यावं? अंकलच. लाज कोळून प्यालेला माणूस. वही कधीच नव्हती, जे होतं ते तुम्ही जाळलंत, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते खुर्चीच्या कडेला टेकले.

"माझी आई वळसंगला तुमच्या आजोबांचंच कीर्तन ऐकून प्रभूकडं आली," ते म्हणाले. "जात्यावर बसली की तेच म्हणायची."

"म्हणजे जाळताना तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय." ते म्हणाले. "ती मेल्यावर तिच्या ट्रंकंत देवीचा टाक निघाला. चांदीचा. घासूनपुसून ठिवलेला. तवापास्नं मला कशाचाच भरवसा न्हाय."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. म्हातारीने दोन देव सुखाने सांभाळले आणि त्याचा सूड या माणसाने आमच्या भिंतीवर उगवला, एवढंच मला दिसलं.

मग त्यांनी खालच्या पट्टीत आख्यान म्हणायला सुरुवात केली. चार कडवी संपली, पाचवं आलं. मुलगी आतून आली, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो त्यांच्यापुढे ठेवला आणि खाली बसली. ते ओळीने चार संध्याकाळी आले आणि सगळं म्हणून गेले, मेंढरू सापडेपर्यंत. मी चारही दिवस दुकानात थांबलो.

गेल्या वर्षी अंकल वारले. मंडळीचा पहारेकरी गेला, असं पाळक म्हणाले. मी मूठभर माती टाकून घरी आलो.

माझ्या आजोबांचं कीर्तन आता घरात आहे ते या माणसाच्या आवाजात. मुलगी रोज सकाळी फोन लावून बसते, दम लागला की थांबवते आणि श्वास बसला की पुढची ओळ घेते. आवाज गोड आहे. मला तो ऐकवत नाही, आणि तिला मी तो बंद कर म्हणू शकत नाही.