केशोरीच्या गुरुजींचं बरोबर होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? ठाऊक नाही. आत ठेवून ठेवून माझाच मला वैताग आलाय, एवढं खरं.

गोंदियात माझं वायदेबाजाराचं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, चार खुर्च्या, आणि हरभऱ्याच्या भावाकडे डोळे लावून बसलेली माणसं. सगळे मला ‘एक्स्पर्ट’ म्हणायचे. कुणी काहीही विचारो, माझ्याकडे उत्तर तयार. ‘मला माहीत नाही’ असं एकदा म्हटलं असतं, तर काय आभाळ कोसळणार होतं?

माझ्याकडे यायचे त्यांत केशोरीचे गुरुजी होते. चौथीत त्यांनीच मला गणित शिकवलेलं. बाईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे गेले होते आणि केशोरीहून दवाखान्यात यायचं म्हणजे बसमध्ये अर्धा दिवस. म्हणून गुरुजींनी गोंदियाला लागून मुर्रीत प्लॉट घेऊन ठेवला होता. घर बांधायला थोडे पैसे कमी पडत होते. हरभरा वाढेल असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी माझ्यामार्फत वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदीचे सौदे, घेतले.

शेतमालावरचे ऑप्शन तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. एका सकाळी गुरुजी हिंदी पेपरचं कात्रण खिशात घालून आले. म्हणाले, वायद्याच्या जोडीला त्यातला पुट ऑप्शन घेऊन टाक. भाव वाढला तर पुटाला दिलेले पैसे गेले, पडला तर तोटा तिथंच अडतो. गुरुजी कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांच्या घरातले.

“तलावाले सलंग कायले ठेवतेत रे? थोडं पानी वाहून जाते, पन पाळ वाचते. हे बी तसंच हाये.”

सलंग म्हणजे तलावाचा सांडवा, पाळ म्हणजे बांध. कात्रण एकदा वाचून त्यांना सगळं कळलं होतं. आणि मला? मी माहितीपत्रक तीनदा वाचलं होतं. पुट की कॉल, घ्यायचा की विकायचा — दर वेळी माझा गोंधळ व्हायचा. पण खुर्च्यांवर तीन माणसं ऐकत बसली होती. त्यांच्यासमोर, आणि तेही गुरुजींना, ‘मला हे येत नाही’ कसं म्हणू? मी म्हणालो, “हो गुरुजी, होऊन जाईल.”

वाटलं, नागपूरला कुणाला तरी फोन करून विचारू. उद्या विचारू. परवा विचारू. हरभरा वाढतच होता, मग घाई कसली — असं मी स्वतःला सांगत राहिलो. मूर्ख माणूस!

मग भाव पडला, आणि पुट मी घेतलेलाच नव्हता. रोज पडत राहिला. आणि गुरुजी? एकदम निवांत. फोनवर मलाच धीर देत होते, “पडू दे, आपली पाळ फुटत नाही. सलंग हाये ना!” तेव्हा तरी बोलायचं. नाही बोललो.

शेवटी ते ऑफिसात आले. मी सांगितलं की पुट घेतला होता, पण एवढ्या मोठ्या पडझडीत तो काही वाचवत नाही. पेपरवाले अर्धवट लिहितात. इतक्या सहज खोटं सांगितलं, की आजही स्वतःची चीड येते. त्यांनी कागद मागितला नाही. आपल्याच विद्यार्थ्याकडे कसला कागद मागायचा?

गुरुजींनी खिशातून ते कात्रण काढून पुन्हा वाचलं. मग विचारलं, “म्हंजे माह्यं समजनंच चुकलं का रे?”

मी म्हणालो, “हो गुरुजी. चुकलं.”

मुर्रीचा प्लॉट विकावा लागला. बाई अजून त्याच बसने दवाखान्यात येतात. पण मला जास्त छळतं ते वेगळंच. गावातल्या मुलांना गुरुजी संध्याकाळी ओसरीवर गणित शिकवायचे, फुकट. ते त्यांनी बंद केलं. लोकांना म्हणतात, आता आपलं डोकं चालत नाही, पोरांना चुकीचं कायले शिकवू?

डोकं चालत होतं त्यांचं. त्या दिवशी ऑफिसात फक्त त्यांचंच चालत होतं. हे मी आज तुम्हाला सांगितलं. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.