ते वाक्य माझंच होतं

शाळेच्या अध्यक्षसाहेबांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज वाढवला. स्टाफरूममध्ये सगळे बसलेले. मोबाइलमधून माझा आवाज आला.

“तुमचं झालं. माहं कुठं झालं?”

पडद्यावर मी पलंगावर बसलेली. शेजारी नवऱ्याचं काम करणारा नट पाठ फिरवून घोरतोय. सिनेमाच्या जाहिरातीतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा. साहेबांनी तो दोनदा लावला.

“मॅडम, या तुम्हीच का?”

“हो सर.”

“मग म्हणून दाखवा इथं. आमच्या स्टाफलाही कळू द्या तुमची कला.”

मी म्हटलं. हेच सांगायला मला सगळ्यात जड जातं. कोणी हात पिरगाळला नव्हता. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि खालमानेनं ते वाक्य म्हटलं. धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखं. गणिताचे सर हसले. मराठीच्या मॅडम खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

साकोलीच्या त्या मुलींच्या शाळेत मी शिवणकाम शिकवायची. नोकरी कच्ची. दरवर्षी जूनमध्ये साहेबांच्या सहीनं नवी ऑर्डर निघायची. आसगावला नऊ वर्षं संसार केला, मग नवऱ्याला सोडून आले. माहेरी आंधळगावला भावाच्या घरात जागा होती, पण बोलायला जागा नव्हती. म्हणून साकोलीत खोली घेतली.

सिनेमावाली मुलगी नागपूरची. अठ्ठावीस वर्षांची. चार मित्रांना घेऊन स्वतःच सिनेमा काढत होती. कपडे शिवून घ्यायला माझ्याकडे आली आणि माझं बोलणं ऐकत बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “ताई, शिंपीणबाईचं काम तुम्हीच करा.”

गोष्ट हसवणारी होती. नवऱ्याला सोडलेली एक शिंपीणबाई दुसरं लग्न करायला निघते. पाहायला आलेल्या प्रत्येक पुरुषाला चहा देते आणि तोंडावर विचारते, बाईकडून तुम्हाला काय पाहिजे, आणि बाईला तुम्ही काय देणार. एक जण तर कप तसाच ठेवून पळतो. शेवटी एक पसंत पडतो, आणि मग तो पलंगाचा प्रसंग येतो. तो दोन मिनिटांत पाठ फिरवतो. कागदावर लिहिलं होतं, ‘ती सुस्कारा टाकते आणि चादर ओढून घेते.’

मला हसू आलं. मी म्हटलं, “सुस्कारा कायले टाकन ते? काही तं म्हणन ना.”

“काय म्हणेल?” मुलीनं विचारलं.

आणि माझ्या तोंडून ते निघालं. नऊ वर्षं आतमध्ये होतं. तिकडे ज्याला म्हणायचं त्याला कधी म्हणता आलं नाही. इथं दिव्यांच्या उजेडात, अनोळखी पोरापोरींसमोर, सहज आलं. सगळे खळखळून हसले. त्या हसण्यानं मला लाज वाटली नाही. मुलीनं सुस्काऱ्यावर काट मारली आणि खाली माझं वाक्य लिहिलं. माझं एखादं वाक्य कोणी लिहून घेण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती.

स्टाफरूममधल्या त्या दुपारी हेडक्लार्कनं एक टाइप केलेला कागद आणून दिला. त्यात लिहिलं होतं, ‘मला संवादांचा अर्थ समजला नव्हता. दिग्दर्शिकेने फसवून माझ्याकडून ते वदवून घेतले. मी माफी मागते.’ मी पूर्ण वाचला. सही केली.

तो कागद हॉलच्या मालकापर्यंत गेला. रविवारी साकोलीत त्याच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा होता, तो रद्द झाला. मुलीचा फोन आला.

“ताई, त्या कागदावर तुमची सही आहे?”

“मले नाही मालूम.”

“पण ते वाक्य तर तुम्हीच...”

मी फोन कापला. पुन्हा तिचा फोन आला नाही.

गावात तो तुकडा सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता. बसस्टँडवर उभी राहिले की मागून कोणीतरी पुरुष हळूच विचारायचा, “झालं का मॅडम?” भावानं निरोप दिला, यंदा दिवाळीला येऊ नको. मी मान खाली घालून चालायची. वाटायचं, माफी लिहून दिली, आता हे थांबेल. थांबलं नाही.

शाळेत झाडू मारायला कांताबाई होती. पन्नाशीची. एका मधल्या सुट्टीत ब्लाउज सैल करून घ्यायला शिवणवर्गात आली. दार लोटून घेतलं. मी शिवण उसवत होते.

“बाई, तुमचं थे मोबाइलमधलं म्या पाह्यलं,” ती म्हणाली.

मी दार नीट लागलंय का पाहिलं.

“माह्या लग्नाले तीस वर्षं झाले. मले वाटे, माह्यातच काही खोट हाय. तुमचं आयकलं तं वाटलं, नाही बाप्पा, आणखीही कोणाचं असंच हाय. लय बरं वाटलं मले.” पुढं म्हणाली, “मंग सारे म्हणाले का तुम्ही लिहून देल्लं, तुमाले त्याचा अर्थच नव्हता समजला म्हणून. मंग मी काय समजू?”

ब्लाउज सैल करून दिला. ती गेली. मी मशीनवर डोकं टेकवून बसले. साहेबांनी माझी लाज काढली होती, हे खरं. पण त्या कागदानं मी हिच्या हाती आलेला धीर काढून घेतला होता. आणि त्या मुलीला खोटं पाडलं होतं.

पुढच्या आठवड्यात माता-पालक सभा होती. साहेबांनी सांगितलं, तो माफीनामा मी माइकवर वाचायचा. मुलींवर संस्कार होतील.

शाळेचा हॉल भरलेला. मी कागद उघडला. खालची माझी सही पाहिली. मग मी कागदाकडे पाहणं सोडलं.

“याच्यावरची सही माही हाय. लिहिलेलं खोटं हाय. मले कोणी फसवलं नाही. मीच त्या पोरीले फसवलं. थे वाक्य माहं होय. माह्या संसारातलं होय. मले त्याचा अर्थ चांगला समजते.”

“माइक बंद करा,” साहेब म्हणाले.

माइक बंद झाला. मी मोठ्यानं बोलले, “बाईलेही शरीर असते. विचारलं तं काय बिघडलं?”

कोणी टाळी वाजवली नाही. दोन बाया उठून गेल्या. बाकीच्या मांडीवरच्या पर्सकडे पाहत बसल्या. दाराशी कांताबाई पाण्याचा जग घेऊन उभी होती, तिनंही मान खाली घातली. तिला नोकरी टिकवायची होती. मी तिला दोष देत नाही. त्याच दिवशी माझी कात्री आणि टेप घेऊन मी शाळेच्या बाहेर पडले.

आता खोलीवरच शिवते. भावाचं दार बंद आहे. नागपूरच्या मुलीला सगळं खरं लिहून पाठवलं, त्या खोट्या कागदाविरुद्ध माझ्या सहीचा दुसरा कागद जोडला. तिचं उत्तर आलं नाही. यावंच असं नाही. तिच्याशी मी जे केलं त्याची लाज मला आहे आणि राहील. ती मी कोणाला पुसू देणार नाही.

भंडाऱ्याला कोणीतरी तो सिनेमा दाखवणार आहे असं कळलं. मी जाणार आहे. तोंड न बांधता, पुढच्या रांगेत बसणार आहे. संपल्यावर उभी राहून नाव सांगणार आहे, गाव सांगणार आहे. कोणी विचारलं तर बोलीन. नाही विचारलं तरी बोलीन.