नर्सिंगचा दुसरा फॉर्म

देवाधर्माचं काम आमच्या घरात बायकोकडं होतं. मी वीस वर्षं फौजेत काढली. हुकूम आला की कामाला लागायचं, एवढंच मला कळायचं. निवृत्त होऊन मलकापुरात घर बांधलं आणि वर्षभरातच तिच्या किडन्या निकामी झाल्या. त्या दिवसांबद्दल लिहिताना अजून हात जड होतो. पण एका बाईचे उपकार मानायचे राहून गेलेत, आणि तिचं नावही मला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

मुलगी स्नेहल तेव्हा बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं, आणि ती सैन्यातलीच नर्स व्हावी हा माझा हट्ट. त्यासाठी नीटची परीक्षा द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला इथल्या बी.एस्सी. नर्सिंगलाही नीटच्या मार्कांवरच प्रवेश मिळाला होता. मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर दोन रकाने आखले, एक सैन्याचा आणि एक इथल्या कॉलेजचा, दोन्हींत 'नीट' लिहिलं आणि घरात जाहीर केलं की एका परीक्षेत दोन्ही कामं होतात. स्नेहल चाचरत म्हणाली, "पप्पा, आता नियम बदललाय म्हणत्यात." मी म्हणालो, "लोकांचं ऐकू नको, अभ्यास कर." माझ्यापुढं बोलायची तिची टाप नव्हती. त्याला मी शिस्त समजत होतो.

उन्हाळा लागताना बायकोला मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं. एका सकाळी ती म्हणाली, "आवं, औदुंबरला जाऊन या. माज्यासाठी न्हाई, पोरीसाठी." मी गेलो खरा, पण दत्ताच्या पादुकांपुढं उभा राहिलो आणि पोरीचं नाव तोंडात आलंच नाही. प्रत्येक प्रदक्षिणेला एकच मागत राहिलो, हिला वाचव. विश्वास नसलेल्या माणसानं किती मागावं यालाही काही धरबंध असतो, तो मी सोडला होता.

दुपार कलताना खडीसाखरेची पुडी घेऊन परतलो. बायकोच्या शेजारच्या खाटेवर सांगलीकडच्या एक वयस्कर जैन आक्का होत्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्यांची गडबड चालली होती. त्यांनाही दोन खडे दिले. "पोरगी काय करती?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत माझे दोन रकाने समजावून सांगितले. त्यांचा घास हातातच राहिला.

"आवं, तसं न्हाई आता. नर्सिंगची सीईटी येगळी असती. आमची नात नीटचे मार्क घिऊन बसली, आन् वरीस गेलं पोरीचं. यंदा तिनं काल फॉर्म भरला. आज शेवटचा दिवस हाय."

मला आधी रागच आला. बायको अंथरुणातून क्षीण आवाजात म्हणाली, "लावा की फोन." लावला. स्नेहल रडायलाच लागली. "पप्पा, मी कवाच सगळे कागद काढून ठिवलेत. तुमाला इचारायचं धाडस हुईना." तासाभरात तिनं फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी मी औषधं घेऊन वर आलो तर आक्कांची खाट रिकामी. त्यांना सकाळीच घरी सोडलं होतं.

नीट मे महिन्यात, एका रविवारी होती. बायको त्याच्या आदल्या शुक्रवारी गेली. रविवारी सकाळी आम्ही नदीकाठी तिची राख सावडली. घरी आल्यावर स्नेहल हॉल तिकीट हातात घेऊन बसून राहिली. जा, असं सांगायची सवय माझ्या जिभेवर होती. ती म्हणाली, "पप्पा, आज माझ्याच्यानं न्हाई हुणार." मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि ते तिकीट तिच्या हातातून काढून घेतलं. सैन्यातल्या नर्सचं माझं स्वप्न तिथंच सोडलं. पुढं त्याच महिन्यात तिनं सीईटी दिली, आणि सांगलीजवळच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला.

त्या दिवशी आक्का शेजारी नसत्या तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. तो योगायोग होता की आणखी काही, हे मी कुणाशी वाद घालून ठरवणार नाही. माझं मागणं ऐकलं गेलं नाही, याचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण बायकोनं जे मागायला मला धाडलं होतं, ते तिला मिळालं, एवढं मात्र मी मानतो. त्या आक्का जिथं असतील तिथं सुखी असोत.

परवा स्नेहलची वॉर्डात पहिलीच ड्युटी होती. संध्याकाळी फोन आला. "पप्पा, आज एका आजीचे केस विंचरले. गुंता लय झालता. विंचरता विंचरताच त्या झोपल्या." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग बायको गेल्यापासून पहिल्यांदाच देव्हाऱ्यापुढं जाऊन बसलो. मागायला काही सुचलं नाही. नुसते हात जोडले आणि पोटभर रडलो.