मनीषाने जागा सोडली नव्हती

मोखाड्याहून फोन आला तेव्हा मी जव्हारच्या बाजारात भाजी घेत होतो. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका घाटात उलटली, आतली बाळंतीण वाचली, पण डॉक्टर मॅडम गेल्या... फोन करणाऱ्याने नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. आश्रमशाळेत पाचवीपासून माझ्या हाताखाली शिकलेली, वांगणीची मनीषा.

शोकसभेत सगळे म्हणाले, शहरातली निवासी डॉक्टरची जागा सोडून ती आपल्या माणसांसाठी इथे राहिली. मीही तेच म्हणालो. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून माझं भाषण सर्वांत लांबलं. तिचे वडील लक्ष्मणदादा समोर बसून मान हलवत होते. त्याला सहा आठवडे झाले. तिने जागा सोडली नव्हती. तिला ती मिळालीच नाही, आणि मिळाली नाही ती माझ्यामुळे.

एमबीबीएसनंतर तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचं होतं. निवासी डॉक्टर म्हणून ते शिकण्यासाठीची प्रवेश परीक्षा ती आरोग्य केंद्रातली नोकरी करत पास झाली. मग कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता. वांगणीत नेटवर्क नाही, म्हणून ती माझ्या घरी आली. वहीत तिने यादी काढून आणली होती. आधी मुंबईची कॉलेजं, मग आपल्या गुणांत बसतील अशी, आणि शेवटी पार विदर्भापर्यंतची, काहीच नाही मिळालं तर जाईन म्हणून. पन्नासेक नावं असतील. जुन्या मुलींना फोन करकरून, कुठे किती गुणांवर प्रवेश झाले ते विचारून तिने तो क्रम लावला होता.

मी तीस वर्षं शाळेतल्या सहकाऱ्यांचे बदलीचे विकल्प भरून दिले होते. त्यातून एकच शिकलो होतो, लांबचं गाव कागदावर आलं की नेमकं तेच गळ्यात पडतं. म्हटलं, "एवढी कशाला? विदर्भ लिहिलास की विदर्भच देतील. जवळची आठ ठेव."

ती हसली. "गुरुजी, ही काय तुमची बदली आहे? मशीन वरून खाली बघत येतं. वरचं नाही मिळालं तरच खालचं."

"मशीनमागे माणसंच बसलेली असतात. मला नको शिकवूस."

तिने वही पुढे ओढली. मग माझ्यासमोर एकेक नाव काढत गेली... शेवटचं नाव काढताना म्हणाली, "इथे नक्की मिळालं असतं, गुरुजी." तरी काढलं. मी सांगितलं म्हणून.

यादी लागली तेव्हा तिचं नाव कुठेच नव्हतं. तिच्याहून कमी गुणांच्या मुलीला तेच शेवटचं कॉलेज मिळालं होतं, बालरोगच. पुढच्या फेऱ्यांत तिने पुन्हा लांब यादी भरली, पण तोवर तिच्या आवाक्यातल्या जागा संपल्या होत्या. मला एका शब्दाने बोलली नाही. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणाली, आणि कामावर परत गेली. त्या वर्षीची मुलं वॉर्डात रुजू झाली तेव्हा ती घाटाच्या रस्त्यावर होती.

हे छापायला देण्याआधी मी वांगणीला जाऊन लक्ष्मणदादांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते.

"मंग तिला जायाचाच व्हता?" त्यांनी विचारलं.

"हो, दादा."

"रोज पहाटं पुस्तक घेऊन हितंच बसायची. मना वाटं, आपले पेशंटसाठी वाचते. कोणी आला का मी सांगं, पोरगी आमच्यासाठी राहिली..." ते थांबले. "ती जायालाच वाचत व्हती?"

मी मान हलवली. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि तेही मी काढून घेतलं. ते उठून आत गेले. मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. त्यांनी मला आत बोलावलं नाही.